उपहास, उपरोध की व्याजस्तुती?

विचारणा : बाईनं कसं दिसावं याचे नियम घालून देणाऱ्यांवर टीका करणाऱ्या काही कवितांत वरवर त्या नियमांचं कौतुकच चाललेलं असतं, आणि वाचताना मात्र ते टोचतं. अमेरिकन कवयित्री मार्ज पिअर्सी यांची ‘बार्बी डॉल’ ही इंग्रजी कविता अशीच आहे. याला ‘उपहासात्मक’ म्हटलेलं पाहिलं, पण पटलं नाही. नेमका शब्द कोणता?

उत्तर : मलाही ‘उपहास’ इथे चुकीचा वाटतो. उपहासात कुणाला तरी हसलेलं असतं. या कवितेतल्या मुलीला तर वर्गातलं कुणीतरी आधीच हसलेलं आहे. नाक मोठं, पाय जाड म्हणून. ती निरोगी आहे, हुशार आहे, अंगात ताकद आहे, तरी सगळ्यांची माफी मागत फिरते. शेवटी ती नाक आणि पाय कापून देऊन टाकते. मग शवपेटीत तिला रंगरंगोटी करून, वर वळलेलं नकली नाक बसवून ठेवतात, आणि जमलेले लोक म्हणतात, किती छान दिसतेय! कवितेच्या अखेरीस याच गोष्टीला सुखान्त म्हटलं आहे.

हा उपरोध. शब्द कौतुकाचे, अर्थ नेमका उलटा. आपल्या काव्यशास्त्रात याला विपरीत लक्षणा म्हणतात. ‘काव्यप्रकाश’ हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या मम्मटाने दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे : अपकार करणाऱ्यालाच म्हटलंय, ‘फार उपकार केलेत, काय तुमचा सज्जनपणा! असंच करत राहा आणि शंभर वर्षं सुखानं जगा.’

दुसरा प्रतिसाद : मग सरळ व्याजस्तुती का म्हणू नये? स्तुतीच्या मिषाने निंदाच आहे की.

उत्तर : व्याजस्तुतीत सहसा ज्याची स्तुती, त्याचीच निंदा असते. इथे स्तुती मुलीची आहे आणि निंदा स्तुती करणाऱ्यांची. शिवाय ते लोक खोटं बोलत नाहीयेत, त्यांना ती खरोखरच आता सुंदर वाटतेय! मला या कवितेतलं सगळ्यात भयंकर हेच वाटतं. कवयित्री त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांचं प्रामाणिक कौतुक फक्त प्रेतासमोर आणून ठेवते. म्हणून अशा कविता वाचताना कौतुकाचा शब्द कुणाच्या तोंडी आहे, हे आधी पाहावं. तो मुलीवर नियम लादणाऱ्यांच्या तोंडी असेल, तर ‘उपरोध’च म्हणावं.

दुसरा प्रतिसाद : आणि शेक्सपिअरचं १३०वं सुनीत (सॉनेट)? प्रेयसीचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, केस म्हणजे काळ्या तारा, असं लिहिलंय त्यात.

उत्तर : तिथे ‘विडंबन’ जास्त नेमकं. ही सुनीतं १६०९ साली छापली गेली, तोवर सूर्यासारखे डोळे आणि पोवळ्यासारखे ओठ प्रेमकवितेत घासून गुळगुळीत झाले होते. आपल्याकडच्या चंद्रमुखी, मृगनयनी यांसारखेच. त्या साच्याची तो थट्टा करतो. शेवटी म्हणतो, खोट्या उपमांनी सजवलेल्या कुठल्याही बाईइतकीच माझी प्रेयसी दुर्मिळ आहे. साचा मोडला हे खरं, पण तिला पारखतोय अजूनही कवीच. पिअर्सींच्या कवितेत पारखणारेच आरोपी आहेत.

विशेषण ‘उपरोधिक’ लिहा किंवा ‘औपरोधिक’, दोन्ही रूढ आहेत.