आयकर खात्याकडील माहिती लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीसाठी द्यावी का?

विटेकर:
दरमहा 1,500 रुपयांच्या या योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे आणि घरात कोणी आयकरदाता नसावा, अशा अटी 2024 च्या शासन निर्णयातच आहेत. अट घालायची, पण ती पाळली जाते का हे पाहायला मात्र विरोध करायचा, ही भूमिका मला अनाकलनीय वाटते. पीएम किसानमध्ये आयकर भरणाऱ्यांनीही हप्ते उचलले आणि पुढे वसुलीच्या नोटिसा काढण्याची पाळी आली. आधीच ताडून पाहिले असते तर ही नामुष्की टळली असती. शिवाय 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 138 ने अशी माहिती अन्य खात्यांना देण्याची सोय केलेलीच होती.

वाळवा तालुका:
कायद्यात सोय असली म्हणजे नोंदीचा अर्थ बरोबर लावला जातो, असे नव्हे. आमच्या भागात ऊसतोडणीचा करार घेणाऱ्याच्या बिलातून कारखाना एक टक्का टीडीएस (आधीच कापून सरकारजमा होणारा कर) कापतो. उचल (आगाऊ दिलेली रक्कम), टोळीची मजुरी आणि डिझेल वजा जाता त्याच्या हाती करपात्र उत्पन्न उरतच नाही, तरी कापलेले पैसे परत मिळावेत म्हणून तो विवरणपत्र भरतो. विवरणपत्र भरणारा आणि कर भरणारा यांतला हा फरक यादी जुळवणाऱ्या संगणकाला कोण शिकवणार? अशा घरातील बाईचा हप्ता थांबला, तर ती अंगणवाडी सेविकेकडे जाणार आणि सेविका ‘वरून झालंय’ एवढेच सांगू शकणार.

विटेकर:
हा दोष निकष लावण्याचा आहे, माहिती देण्याचा नव्हे. प्रत्यक्ष कर भरला की नाही, एवढेच विचारले की प्रश्न मिटतो.

मिरजेचा वकील:
मिटत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अनुदान व लाभ देण्याच्या कामी शासनाला बरीच मोकळीक दिली आहे, त्यामुळे संमतीच्या मुद्द्यावर भांडून फारसे हाती लागणार नाही, हे मान्य. परंतु ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवताना प्रमाणबद्धतेची, म्हणजे हेतूसाठी लागेल तेवढाच हस्तक्षेप करण्याची, कसोटीही सांगितली. महिला व बालविकास विभागाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरेसे असेल, तर उत्पन्नाचा आकडा तिकडे जाण्याचे कारण नाही. खरी अडचण निराळीच आहे. योजनेच्या ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख पडताळणीत) पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. ज्या बाईला नवऱ्याने वर्षानुवर्षे घराबाहेर ठेवले आहे, पण कागदोपत्री काडीमोड झालेला नाही, तिचा लाभ त्याने भरलेल्या कराच्या नोंदीवर ठरणार का? असे खटले पाहणाऱ्याला हा प्रश्न काल्पनिक वाटत नाही.

विटेकर:
अशा अपवादांसाठी तहसीलदारांकडे दाद मागता यावी, हे मान्य. पण सुनावणी होईपर्यंत प्रत्येक संशयिताला हप्ता चालू ठेवायचा म्हटले, तर करदात्यांच्या पैशाची वसुली पुन्हा पीएम किसानसारखीच करावी लागेल.

वाळवा तालुका:
सरसकट चालू ठेवा, असे कोणी म्हटलेले नाही. बंद करण्याआधी कारणासह लेखी नोटीस द्या आणि उत्तरासाठी महिनाभर मुदत द्या. त्या महिन्याचा धोका शासनाला 1,500 रुपयांचा आहे. चूक शासनाची निघाली, तर त्या बाईचे मात्र महिनोन्‌महिने हेलपाटे होतात.