पक्क्या धक्क्याला छोटी बोट रात्रभर बांधायची : दोर, खोली आणि वीज

प्रश्न
७ मीटरची फायबरची बोट, आत पेट्रोल इंजिन, मागे आउटड्राइव्ह (पंखा असलेला, वर उचलता येणारा बाहेरचा भाग). ड्राइव्ह खाली असताना ८० सेंमी पाण्यात बसते. पर्यटकांच्या गावातल्या छोट्या बंदरात दोन रात्री मुक्काम आहे. तरंगती जेटी नाही, काँक्रीटचा उभा धक्का आहे. उधाणाला पाणी ३ मीटर चढतं-उतरतं. नकाशात धक्क्यालगत खोली १ मीटर. वीज आहे. दोर किती लांब ठेवू? रात्री उठून सैल करावे लागतील का?

उत्तर १
दोर पुरेसे लांब असतील तर उठावं लागत नाही. भरतीला डेक धक्क्याच्या बरोबरीला आहे असं धरा. पुढचा दोर ४ मीटरवरच्या खुंटाला बांधला, तर पाणी ३ मीटर उतरल्यावर त्याला ५ मीटर लांबी लागते. एक मीटर कमी पडला की बोट टांगली जाते, नाहीतर क्लीट (दोर बांधायची डेकवरची खुंटी) उपटते. तोच खुंट ९ मीटरवर घेतला तर साडेनऊ मीटर पुरतात, म्हणजे ढील फक्त अर्धा मीटर. म्हणून दोर पाण्याच्या फरकाच्या तिप्पट लांब ठेवा : पुढचा बोटीच्या बराच पुढे, मागचा बराच मागे. शिवाय दोन तिरपे दोर हवेत, एक नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) मागे आणि एक पिछाडीकडून पुढे. बोट मागेपुढे सरकते ती हेच थांबवतात. धक्क्याला काटकोनात आखूड दोर अजिबात नको. टांगते ती त्यानेच.

१२ मिमी नायलॉन घ्या, ते ताणलं जाऊन झटका खातं. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने कुजतं, आणि तरंगत असल्यामुळे पंख्यात जातं. धक्क्याच्या कडेवर घासतो तिथे दोरावर जुन्या पाइपचा तुकडा चढवा. भिंतीला उभे खांब असतील तर नुसते फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायच्या हवेच्या उशा) त्यांच्यामधून निसटतात. दोन फेंडरच्या बाहेरून आडवी फळी टांगा.

उत्तर २
दोरांचं पटलं. पण मला खोलीची जास्त काळजी वाटते. नकाशातला १ मीटर ही जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी असते, त्यामुळे एरवी पाणी जास्तच मिळतं. मात्र मोठ्या उधाणाच्या ओहोटीला खाली २० सेंमीच उरतील, आणि ४० सेंमीची लाट आत शिरली तरी ड्राइव्ह तळाला लागेल. त्यात हवेचा दाब १ हेक्टोपास्कल वाढला की पाणी साधारण १ सेंमी खाली जातं. इंजिन बंद झाल्यावर ड्राइव्ह वर उचलून ठेवा. धक्क्याच्या पायथ्याशी दगड आहेत की चिखल, हे बंदरावर विचारा आणि स्वतः बांबू टाकूनही बघा. भांगाचे दिवस (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते) निवडता आले तर उत्तमच.

पहिल्या ओहोटीला लक्ष ठेवायचं असेल तर तिसरा आणि चौथा तास महत्त्वाचा. सहा तासांतला निम्मा उतार त्या दोन तासांत होतो, तुमच्याकडे दीड मीटर.

प्रश्नकर्ता
खूप आभार. वीज दोन्ही रात्री जोडून ठेवली तर चालेल?

उत्तर ३
गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धातू गंजवणारा छोटा प्रवाह अडवणारं उपकरण) बसवला असेल तर ठेवा. नसेल तर बॅटरी भरेपर्यंत जोडा आणि काढा. विजेच्या अर्थिंगच्या तारेने तुमची बोट शेजारच्या बोटींशी आणि धक्क्यातल्या लोखंडाशी जोडली जाते. खाऱ्या पाण्यात ही बॅटरीच होते. आधी तुमचे ॲनोड (बाकीचा धातू वाचावा म्हणून झिजू द्यायचे तुकडे) झिजतात, मग ड्राइव्हचं ॲल्युमिनियम. अर्थिंग तोडणं हा उपाय नाही, त्यात जीव जातो. आयसोलेटर त्याच तारेत मालिकेत बसतो.

केबल पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते. तिलाही ओहोटीइतकी ढील हवी, पण जोड पाण्यात लोंबू देऊ नका. जोडताना आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्याकडचं, काढताना उलट. नाहीतर हातातलं टोक जिवंत असतं.

उत्तर ४
पेट्रोलचं राहिलं. वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते. भरताना इंजिन, वीज, गॅस बंद आणि केबिनची दारं लावलेली. नोझल टाकीच्या तोंडाला टेकवून ठेवा. टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोल उन्हात फुगून बाहेर येतं. नंतर दारं उघडा, ब्लोअर (इंजिनाच्या खणातली हवा बाहेर काढणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा, इंजिनाच्या खणात वास घ्या आणि मगच चावी फिरवा.