तेरावा डॉक्टर: बाई नेमली ते चुकलं, की तिला लिहिलं ते?

निळी पेटी:
'डॉक्टर हू' माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बीबीसीची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. नायक परग्रहावरचा, नाव फक्त 'डॉक्टर'. निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसणारं त्याचं यान कुठल्याही काळात जातं. मरायला टेकला की त्याचं शरीर पालटतं: चेहरा नवा, स्वभाव जरा वेगळा, आठवणी त्याच. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली म्हणून १९६६मध्ये ही तोड काढली गेली आणि पॅट्रिक ट्रॉटन आले. मालिका आजवर तगली ती या एका कल्पनेवर.

बारा पुरुषांनंतर १६ जुलै २०१७ला, विम्बल्डनची पुरुषांची फायनल संपल्यावर, बीबीसीने तेरावा चेहरा दाखवला: जोडी व्हिटेकर. 'हे कुठून उपटलं?' असं अजून विचारलं जातं, म्हणून लिहितेय. १९८०मध्ये चौथे डॉक्टर टॉम बेकर भूमिका सोडताना पत्रकारांना म्हणाले होते की पुढचा कोणीही असो, 'तो किंवा ती', माझ्या शुभेच्छा. मालिकेच्या जनकांपैकी एक, सिडनी न्यूमन, यांनी १९८६मध्ये बीबीसीला पत्र लिहून डॉक्टरला स्त्री करा असं सुचवलं होतं. २०१४मध्ये डॉक्टरचा हाडवैरी मास्टर 'मिसी' होऊन आला आणि मिशेल गोमेझने तो भाग खाऊन टाकला. म्हणजे जमीन कधीच नांगरून झाली होती.

माझी तक्रार वेगळीच आहे. बाई आणली आणि तिच्या हातातला अधिकार काढून घेतला. २०२०च्या एका भागात तिचा साथीदार ग्रॅहम तिला सांगतो की माझा कॅन्सर उलटेल अशी भीती वाटते. त्यावर ती म्हणते, मला अशा वेळी काय बोलावं कळत नाही, आणि यानाची बटणं दाबायला वळते. हा डॉक्टर? दोन हजार वर्षं माणसांसोबत काढलेला?

कोथरूडकर:
नियमात बसतं म्हणून करावंच असं नाही. पाचवे डॉक्टर पीटर डेव्हिसन घोषणेनंतर थोड्याच दिवसांत म्हणाले होते की मुलग्यांचा एक आदर्श गेला याचं वाईट वाटतं. त्यांच्यावर लोक तुटून पडले, पण त्यांचा मुद्दा कोणी नीट ऐकलाच नाही. पडद्यावर मुलांना पुरुष नायक ढिगाने मिळतात. ते गोळ्या झाडतात, ठोसे मारतात. बंदूक न बाळगणारा, बुद्धीने आणि करुणेने जिंकणारा पुरुष एवढा मोठा, एवढी वर्षं, दुसरा कोण होता? तोच नेमका काढून घेतलात.

आणि बालगंधर्वांचा दाखला कोणी देऊ नका. त्यांनी सिंधू रंगवली तेव्हा नट पुरुष होता, सिंधू बाईच राहिली. इथे पात्रच बदललंय.

मृगजळ:
कोथरूडकर, डेव्हिसन यांच्या शेजारी सहावे डॉक्टर कॉलिन बेकरही होतेच की. ते म्हणाले, आदर्श ठरायला तुमच्यासारखंच लिंग असावं लागत नाही. मुलींनी पन्नास वर्षं हेच केलं. पुरुष डॉक्टरकडे बघून त्या शास्त्रज्ञ व्हायची स्वप्नं बघत होत्या, कुणी त्यांना विचारलं नाही की तुमचा आदर्श कुठाय.

'मुलींसाठी नवी नायिका काढा' हेही ऐकून कान किटले. नव्या मालिकेला पन्नास वर्षांचा विश्वास कोण देणार?

आता 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग घ्या, नोव्हेंबर २०१८. ऑगस्ट १९४७, फाळणी. मुसलमान उंब्रीन आणि हिंदू प्रेमचं लग्न. नुकत्याच आखलेल्या सीमेवर डॉक्टर स्वतः ते लावते. आदल्या रात्री ती बायकांमध्ये बसून मेंदी काढून घेते आणि हरखून म्हणते की मी पुरुष होते तेव्हा हे कधी वाट्याला आलं नव्हतं. हजारो जग पाहिलेल्या माणसाला एक खोली बंद होती, ती पहिल्यांदा उघडली. पुरुष डॉक्टर ठेवून हा प्रसंग लिहून दाखवा. दुसऱ्या दिवशी प्रेमचा सख्खा भाऊ जमाव घेऊन येतो, आणि तिला काही थांबवता येत नाही. मला तो भाग बघून रात्री झोप लागली नाही.

शेफिल्डवासी:
आमच्या गावातच तिचं यान उतरलं, म्हणून बोलतो. ग्रॅहम, रायन, यास्मिन हे तिघेही साथीदार शेफिल्डचे. पहिला भाग ७ ऑक्टोबर २०१८ला आला आणि आमच्या घरी मुलीइतकाच मुलगाही तिचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणि गॅलस मागत होता. त्याचा आदर्श हिरावला गेलाय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

निळी पेटी यांच्याशी मात्र सहमत. तीन साथीदारांत संवाद वाटले की डॉक्टरला उरतं काय? सगळ्यांना एक एक वाक्य, आणि ती मध्ये उभी राहून यंत्राचं वर्णन करणार.

कोथरूडकर:
आकडे बघा. त्या पहिल्या भागाला १ कोटीहून जास्त प्रेक्षक होते. नंतर ओसरत गेले. लोकांनी कौल दिलाच की.

साधा प्रेक्षक:
कौल कशाबद्दल? बाई नको होती तर पहिल्याच दिवशी कोणी आलं नसतं. इतके लोक तिला बघायला आले, आणि पुढचे भाग बघून गेले. गळती तिच्या आधीच्या डॉक्टरच्या, पीटर कपाल्डीच्या काळातच लागली होती, ते तर पुरुष होते. कारण गोष्टींत आहे. 'केरब्लॅम!' हा भाग आठवा: कामगारांना राबवणारं अवाढव्य गोदाम, आणि आपली डॉक्टर शेवटी म्हणते की व्यवस्थेत दोष नाही, ती वापरणाऱ्यांत आहे. जी व्यक्ती साम्राज्यं उलथवायची ती कंपनीची बाजू घेते! हे वाक्य टॉम बेकरच्या तोंडी घातलं असतं तरी मला तेवढीच चीड आली असती.

कोथरूडकर:
मग मार्च २०२०चं काय? डॉक्टरचा जन्मच बदलला. हार्टनेल पहिले नव्हतेच, त्यांच्याआधी कित्येक चेहरे होऊन गेले, पहिल्यांदा शरीर पालटलं ते एका लहान मुलीचं. एका म्हाताऱ्या, तिरसट प्रवाशापासून सुरू झालेली गोष्ट पुसून तिथे निवडलेलं, दैवी मूल आणून बसवलं. १९६३पासूनच्या प्रेक्षकांना हे लागणारच.

निळी पेटी:
तो भाग मलाही लागला. डॉक्टर थोर होता कारण तो कोणी खास नव्हता, एक यान चोरून पळालेला भटक्या होता. पण हे पात्र बाई आहे म्हणून घडलं नाही, मुख्य लेखक क्रिस चिबनल यांना तसं हवं होतं म्हणून घडलं.

त्याच मोसमात, जानेवारी २०२०मध्ये, अभिनेत्री जो मार्टिन आली. ग्लॉस्टरमधली साधी टूर गाइड, आणि बघता बघता कळतं की हीसुद्धा डॉक्टरच, आपल्याला ठाऊक नसलेली. गेंड्याच्या तोंडाच्या परग्रही पोलिसांसमोर ती ज्या ताठ्याने उभी राहते, ज्या आवाजात हुकूम सोडते, तो अधिकार व्हिटेकरला चार वर्षांत कितीदा मिळाला? स्त्री डॉक्टर कशी असू शकते हे मालिकेनेच दाखवलं आणि पुन्हा कपाटात ठेवलं. व्हिटेकरकडे हे करायची ताकद नव्हती असं मला मुळीच वाटत नाही. सीमेवरचं लग्न लावताना तिचा चेहरा बघा. आणि गंमत म्हणजे पंजाबचा भाग विनय पटेल यांनी लिहिलेला, जो मार्टिनच्या भागावरही चिबनल यांच्या जोडीने पटेल यांचंच नाव आहे.

कोथरूडकर:
मग पटेलांनाच मालिका सोपवायला हवी होती, एवढं मान्य. मुलग्यांबद्दलचं माझं मत मात्र तेच.