बोरा-सनवूच्या लग्नाला झालेला विरोध उगाच नव्हता
‘रिप्लाय 1988’ या कोरियन मालिकेच्या शेवटी बोरा आणि सनवूच्या लग्नाला दोन्ही आयांनी केलेला विरोध ओढूनताणून घातलाय, असं काही जण म्हणतात. अजिबात पटलं नाही. दोघांचं आडनाव सुंग, आणि नुसतं आडनावच नाही तर घराण्याचं मूळ गावही एकच. अशा जोडप्याची लग्नं तेव्हा कोरियात कायद्यानेच नोंदवता येत नव्हती! 1978, 1988 आणि 1996 मध्ये तात्पुरती सवलत मिळाली, तेवढीच. 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि 2005 मध्ये कायदा बदलला. म्हणजे एकाच गल्लीत रोज एकत्र भाज्या निवडणाऱ्या त्या दोघी मैत्रिणी, एकमेकींवर इतका जीव असूनही का अडून बसल्या, ते कळतं.

आपल्याला तर हे लगेच कळायला हवं. सगोत्र विवाहाची आडकाठी आपल्याकडे 1946 च्या कायद्याने दूर केली, तरी माझ्या मावशीचं ठरत आलेलं लग्न नंतर कित्येक वर्षांनी ‘दोघंही भारद्वाज’ म्हणून मोडलं. आजीने पत्रिका परत पाठवली तेव्हा मावशी ओट्याशी पाठ करून पोळ्या लाटत होती, असं आई सांगते. म्हणूनच लग्नाच्या दिवशी बोराला बाबांच्या पायातले तिनेच दिलेले बूट दिसतात, मोठे होतात म्हणून आत कागद कोंबलेला, तिथे मी दर वेळी रडते. ते लग्न लागणं किती अवघड होतं हे माहीत असलं की तो प्रसंग फार आत जातो.