निर्लेखन झालं, पण नवी इमारत कुठे?

गावातल्या शाळेची नवी इमारत रखडली की ‘निधी आला की बांधतील’ असं म्हटलं जातं, पण अडतं ते त्याच्या बरंच आधी. जिल्हा परिषदेच्या शाळेची जुनी खोली पाडायची तर आधी बांधकाम विभागाने ती धोकादायक ठरवायची, मग निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करून पाडायच्या मंजुरीचा प्रस्ताव, मग कौलं-लाकडांचा लिलाव. नव्या खोलीचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता वेगळीच. जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे मिळेपर्यंत बांधकामाच्या सरकारी दरांची यादी (दरसूची) बदलते. जुन्या अंदाजपत्रकात कुणी ठेकेदार काम घेत नाही आणि फाईल पुन्हा टेबलावर. ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या शालेय योजनेत केंद्र-राज्य वाटा ६०:४०, तिथेही हप्त्यांची वाट पाहणं आलंच.

आमच्या गावात वाशांना वाळवी लागलेली होती, भिंतीची ओल मुलांच्या पाठीला लागायची. निर्लेखन झालं, खोल्या पाडल्या, आणि दुसरी-तिसरीचे वर्ग देवळाच्या सभामंडपात भरू लागले. भजन-सप्ताह आला की मुलांना सुट्टी. पोरं तिथून पुढच्या शाळेत गेली, इमारत अजून कागदावर.

२०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. २०२५ मध्ये राजस्थानात झालावाडजवळ सात. म्हणून ग्रामसभेत नुसतं ‘निधी द्या’ म्हणू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून प्रस्ताव कुठल्या टेबलावर, कुठल्या तारखेपासून पडून आहे हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. आणि पर्यायी खोल्यांची सोय लेखी मिळाल्याशिवाय जुन्या खोल्या पाडायला देऊ नका, मात्र धोकादायक खोलीत मुलांना एक दिवसही बसवू नका.