मदत हवी आहे: व्हेपचा ॲटोमायझर धुतला तरी जळकट चव जात नाही

मंडळी, नमस्कार.

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला असतो. चौदा वर्षं सिगारेट ओढली, रोजच्या दहा-बारा. दोन वर्षांपूर्वी वापरून फेकायच्या व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) आधाराने ती सुटली. १ जून २०२५ पासून इथे तसल्या व्हेपची विक्री बंद झाली, तेव्हा एका सहकाऱ्याने त्याचा जुना टँक दिला, म्हणजे लिक्विड भरून त्याची वाफ करणारा ॲटोमायझर. यात कॉइल (तापणारी तार) आणि तिच्यातली कापसाची वात आपणच बसवायची. २८ गेजची कँथल तार, अडीच मिमीच्या दांड्यावर सहा वेढे, रोध १.१ ओहम, १२ वॅटवर चालवतो. लिक्विड कस्टर्डच्या चवीचं, भरपूर गोड.

गणपतीत तीन आठवडे पुण्याला होतो. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेट आणताच येत नाही, म्हणून यंत्र इथेच कपाटात ठेवलं आणि तिकडे निकोटिनच्या च्युइंगगमवर दिवस काढले. चूक झाली ती ही, की टाकी भरलेलीच ठेवून गेलो. परत येऊन बघतो तर फिकट पिवळं लिक्विड कोऱ्या चहासारखं झालेलं. वात मधोमध काळी. कॉइलवर काजळी इतकी, की सहा वेढे वेगळे मोजताच येईनात, गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

सगळं सुटं करून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतलं, टूथब्रशने घासलं, तासभर वाळवलं. कापूस नवा घातला, कॉइल तीच ठेवली. आता चौथ्या-पाचव्या झुरक्याला जळकट चव येते. तासा-दोन तासांनी आत गुडगुडतं आणि हवेच्या भोकातून लिक्विड गळतं. स्क्रीनवर ओहम कधी १.१, कधी १.४.

परवा संध्याकाळी घशाला असा चटका बसला की जाकीट चढवून कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट आणायला निघालो. दारातून परत फिरलो, पण दोन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं आणि मी घाबरलोय. म्हणून कळकळीने विचारतो. कॉइल तापवून काजळी काढतात म्हणे, ते नीट कसं करायचं? गळती कुठून होत असेल? आणि पुन्हा महिनाभर बंद ठेवायचं झालं तर काय काळजी घ्यायची?

प्रतिसाद १

दादा, दारातून परत फिरलात, फार बरं केलंत.

साबणाने काच स्वच्छ होते, कॉइलवरची काजळी निघत नाही. ती लिक्विडमधल्या सुक्रालोजची, गोडव्याची असते. कापूस पूर्ण काढा आणि कमी वॅटवर दोन-दोन सेकंदच बटण दाबा. कॉइल मधून बाहेरच्या बाजूला मंद लाल होत जाते. भगभगीत तापवू नका. गार झाली की डेक (कॉइल बसवलेला तळ) बॅटरीच्या यंत्रावरून काढा आणि मगच नळाखाली धरून ब्रश फिरवा. कँथल आणि स्टीलला हे चालतं, निकेल आणि टायटॅनियमला चुकूनही नाही. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मात्र मी ती कॉइल टाकूनच देईन, बोटभर तारेचा तर प्रश्न आहे.

ओहम हलतोय म्हणजे स्क्रूखाली, तारेच्या पायाशी काजळी शिरली असणार किंवा स्क्रू सैल असणार. स्क्रू काढून बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, तळाची मधली पिनही पुसा. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत बटणाला हात लावू नका, ते पेट घेतं.

प्रतिसाद २

गळतीचं मी सांगते. रबरी रिंगा काढून धुतल्या होत्या का? एखादी खाचेत नीट बसली नसेल किंवा चिरली असेल तर टाकीत बाहेरची हवा शिरते आणि लिक्विड वातीत उतरतच राहतं. बसवताना रिंगेला ग्लिसरीनचं बोट लावा, म्हणजे पिळवटणार नाही. वात कॉइलमधून ओढताना जराशी अडली पाहिजे, पण तार वाकता कामा नये. तिची टोकं लिक्विडच्या खाचांना टेकवायची, ठासायची नाहीत. ठासलेल्या वातीला लिक्विड पोचत नाही आणि ती जळते. तासभर वाळवूनही भागत नाही, हवेच्या नळीत पाणी राहतं. रात्रभर ठेवा.

गावाला जाताना टाकी रिकामी करा, वात काढा, बॅटरीही बाहेर काढून ठेवा. बाटली झाकण घट्ट लावून गार, अंधाऱ्या जागी. हवा आणि उजेड लागला की निकोटिन तपकिरी पडतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसलो. एका स्क्रूखाली नखाने खरवडून निघेल एवढा काळा थर होता. नवी कॉइल बसवली, ओहम १.१ वर ठाम. काचेच्या खालची रिंग वरून धडधाकट दिसत होती, बोटांत ताणल्यावर एका जागी चीर उघडली. सुट्या रिंगांच्या पुडीतली दुसरी घातली. कस्टर्ड बंद करून साधा पुदिना भरलाय. रात्री टँकखाली टिश्यू ठेवून झोपलो होतो, सकाळी पाहिला तर कोरडा.