हॅरोतली आमची गल्ली, जून १९७७

लंडनच्या उपनगरांत शेजारी एकमेकांना ओळखतही नाहीत, असं कुणी कुणी म्हणतं. सत्तरच्या दशकात हॅरो या लंडनच्या उपनगरात वाढल्यामुळे मला हे अजिबात पटत नाही. पहाटे विजेवर चालणारी दूधगाडी यायची. आम्ही उठेपर्यंत दारातल्या बाटलीचं चकचकीत झाकण पक्ष्यांनी टोचलेलं असायचं. शाळा सुटली की कॉन्कर, म्हणजे हॉर्स चेस्टनट झाडाच्या कडक बिया, दोरीत ओवून एकमेकांच्या फोडायचो.

पण खरी धमाल जून १९७७ मध्ये! राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला २५ वर्षं झाली म्हणून देशभर रस्त्यांवर टेबलं मांडली होती. आमच्या गल्लीत सँडविच आणि जेलीशेजारी आईचे बटाटेवडेही होते. समोरच्या आजीबाईंनी कृती तिथेच लिहून घेतली आणि ५ नोव्हेंबरच्या शेकोटीला (१६०५ मध्ये संसद उडवण्याचा कट फसला, त्याच्या आठवणीत ती दरवर्षी पेटवतात) स्वतः वडे करून आणले. छान झाले होते!